ब्रेकबाई चालवून घेत नाहीत

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. या नावात चेष्टा थोडी होती, धाक जास्त. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्या ब्रेकवर असा काही पडे, की स्टिअरिंगमागच्या माणसाची मान पुढे जाऊन मागे येई आणि जे काही शिकायचं ते त्या एका हिसक्यात कायमचं डोक्यात शिरे. "आरशात स्वतःला नाही, मागची गाडी बघायची असते," असं त्यांनी एका बँकेच्या मॅनेजरला भर चौकात सुनावलं होतं. मॅनेजर बिचारा पुढे कित्येक वर्षं आरशासमोर भांग पाडतानाही दचकत असे.

बाई या कामाला लागल्या तेव्हा त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दुसरी बाई नव्हती. शिकायला येणारा माणूस गाडीत डोकावून विचारी, "सर कुठे आहेत?" बाई सांगत, "सर नाहीत. मी आहे. बसा." काही जण बसत, काही परत जात. परत गेलेल्यांतले बरेचसे नंतर गाडी कुठेतरी ठोकून पुन्हा येत. मग बाई त्यांना सीटबेल्ट जरा जोरात ओढून लावायला लावत.

त्यांना स्वतःला गाडी शिकवली ती याच स्कूलच्या म्हाताऱ्या मास्तरांनी. पहिल्याच दिवशी बाईंनी चढावर क्लच जाळला. गाडीत धूर, मागे भोंग्यांचा कल्लोळ, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी. मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली, थर्मासचं झाकण फिरवलं आणि त्यात काळा चहा ओतून पुढे केला. बाईंनी विचारलं, "दूध नाही घालत?" मास्तर म्हणाले, "दूध घातलं की चहा मवाळ होतो. आणि मवाळ झालेल्याचं चौकात काम नाही."

तो चहा लाल डब्यातला होता. तोंडात घेतला की आधी कडू, मग विझलेल्या शेकोटीसारखा धुराचा वास, आणि गिळून झाल्यावर, अगदी विसरायला झालं की, जिभेच्या मुळाशी मनुकेसारखी एक चिमूट गोडी. बाईंनी तो झाकणभर चहा संपवला आणि पुन्हा चढावर गाडी घातली. त्या दिवसापासून त्यांचा चहा तोच. सकाळी थर्मास भरायचा, शिकवणीला निघायचं, आणि दोन शिकवण्यांच्या मध्ये, मैदानाच्या कडेला गाडी लावून, दार उघडं टाकून तो प्यायचा. मास्तर गेले, स्कूलच्या गाड्या बदलल्या, बाईंचे केस पांढरे झाले. चहा तोच राहिला.

आणि मग एक दिवस दुकानदाराने हात झटकले.

"बंद केला बाई कंपनीने. खप नव्हता म्हणतात. त्याच्याऐवजी हे आलंय," म्हणून त्याने एक चकचकीत पाकीट पुढे सरकवलं. पाकिटावर एक हसरी मुलगी वाफेकडे बघत होती. "नवी चव. लोकांना आवडतंय."

"कुठल्या लोकांना?"

"आता ते मी कसं सांगू? कंपनी म्हणते."

बाईंनी पाकीट नेलं, चहा केला, एक घोट घेतला आणि उरलेला सिंकमध्ये ओतला. चहा दिसायला झकास होता. पण रंग दाखवून पळून जाणारा. तोंडात काही ठेवून जाईल तर शपथ.

घरात तेव्हा तीन माणसं होती. बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांची थोरली बहीण. यजमान पाणीपुरवठ्याच्या खात्यात मीटर तपासायचे, म्हणून मीटरसाहेब. आता निवृत्त झाले होते. जे पुढ्यात येईल ते खायचं, जे सांगतील ते ऐकायचं, आणि रोज दुपारी तासभर झोपायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. थोरल्या नणंदबाईंना मात्र सगळे ताई म्हणत, आणि त्यांचा शब्द घरात सहसा खाली पडत नसे. नवरा गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या. आल्या त्या स्वतःच्या दोन ट्रंका, एक आरामखुर्ची आणि सगळ्या विषयांवरची मतं घेऊन.

"बंद झाला तर झाला," मीटरसाहेब म्हणाले. "अगं, माणसं जातात, चहाचं काय घेऊन बसलीस?"

"माणूस गेलं म्हणून त्याच्या खुर्चीत कोणालाही आणून बसवतात का?" बाईंनी विचारलं. मीटरसाहेबांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

बाईंनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं मत आमच्यासाठी फार मोलाचं आहे."

"मोलाचं आहे ना? मग चहा परत आणा."

"मॅडम, तो आता बनत नाही. पण आमचा नवीन..."

"तो मी ओतून दिला."

मग मुलीने पुन्हा पहिलंच वाक्य म्हटलं, आणि बाईंनी फोन ठेवला. त्या मुलीवर त्यांचा राग नव्हता. जे वाचायला दिलं ते ती वाचत होती.

मग बाजार पालथा घालणं सुरू झालं. शिकवणीच्या वाटेवर जी जी दुकानं लागत, तिथे तिथे गाडी थांबे. शिकणाऱ्याला वाटे, आज गाडी समांतर लावायचा सराव आहे. तोपर्यंत बाई आत जाऊन पुडी घेऊन येत. एका चहाला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास होता. एक इतका सुगंधी, की कोणीतरी अत्तर लावून अंगावर रेललंय असं वाटावं. एक नुसताच कडू, भांडखोर. ओट्यावर अर्ध्या पुड्यांची रांग लागली, आणि ताईंनी एकदा मसाला समजून त्यातली एक आमटीत टाकली. मीटरसाहेब तर ती दुसऱ्यांदा वाढून घेते झाले.

लाल डब्यात तळाशी राहिलेला चहा बाईंनी पुरवून पुरवून प्यायला, आणि तोही संपला. रिकामा डबा त्यांनी धुतला नाही. तसाच फळीवर ठेवून दिला.

मग एका सकाळी ताईंनी तो डबा बाईंच्या समोर आणून ठेवला. उचलला तर जड लागला.

"माझ्या मैत्रिणीच्या घरी एक डबा न फोडलेला पडून होता," ताई म्हणाल्या. "तो यात ओतला. घे. आता तरी ते तोंड सरळ कर."

मीटरसाहेब दारात उभं राहून बघत होते. बाईंनी पाणी उकळलं, चहा टाकला, झाकण ठेवलं, गाळला आणि खुर्चीत नीट बसून घोट घेतला. मग कप खाली ठेवला.

"ताई, हा कुठला चहा?"

"लाल डब्यातला."

"डबा लाल आहे. चहा कुठला?"

ताईंनी मीटरसाहेबांकडे बघितलं, मीटरसाहेबांनी छताकडे. कोपऱ्यावरच्या दुकानातला सुटा चहा होता तो. बेत दोघांचा, डोकं ताईंचं.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच," ताईंचा आवाज चढला. चूक पकडली गेली की त्यांचा आवाज चढत असे. "म्हटलं, चार दिवस हाच तो असं समजून पिशील, मग सवय होईल. मनाचे खेळ असतात हे. एवढं काय त्यात? थोडं चालवून घ्यावं माणसाने."

बाई उठल्या. त्या ओरडतील अशी दोघांची तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत.

"मला बसच्या डेपोत नोकरी हवी होती," त्या म्हणाल्या. "लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायच्या होत्या. तिथले म्हणाले, बायकांना नाही घेत, शिकवणीचं काम बघा, चालवून घ्या. घेतलं. या घराची खिडकी समोरच्या घराच्या भिंतीवर उघडते. तुम्ही म्हणालात, चालवून घेऊ. घेतलं. बढती माझ्या हाताखाली शिकलेल्याला मिळाली. मालक म्हणाले, यंदा चालवून घ्या. तेही घेतलं. पण तेव्हा निदान तोंडावर सांगत होते सगळे. डब्यात भलतंच भरून कोणी हातात दिलं नव्हतं. मी जन्मभर गाडी चालवली आहे ताई. चालवून घ्यायचं मला आता शिकवू नका."

एवढं बोलून त्यांनी डबा ओट्यावर उपडा केला आणि रिकामा थर्मास घेऊन कामाला निघून गेल्या.

त्या दिवशी घरात कोणी चहा केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीटरसाहेब शेजारी जाऊन पिऊन आले आणि मिशी पुसून घरात शिरले. ताई मात्र आरामखुर्चीत बसून राहिल्या. माघार घेण्याची त्यांना सवय नव्हती, आणि ती घ्यावी कशी हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. शेवटी बाई संध्याकाळी घरी आल्या तेव्हा ताई एकदम म्हणाल्या, "मिळत नाही तर कर की स्वतः. नुसतं तणतणून काय होणार? घाऊक बाजारात सगळ्या जातीचे चहा असतात. मिसळ आणि कर."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "येता?"

"मी?"

"गाडी तुम्ही चालवायची."

ताईंना गाडी शिकायची होती, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यावर सगळ्यांनी मिळून पांघरूण घातलं होतं. ताईंच्या मुलाने तर "या वयात?" एवढेच दोन शब्द उच्चारून विषय मिटवला होता. बाईंनी कधीचीच त्यांना चोरून मैदानात न्यायला सुरुवात केली होती. डब्याच्या भानगडीने ते बंद पडलं होतं, ते आता पुन्हा सुरू झालं.

घाऊक बाजारापर्यंत ताईंनी गाडी नेली. वाटेत ती चारदा बंद पडली, आणि दर वेळी ताईंनी पुढच्या गाडीला दोष दिला. चहाच्या व्यापाऱ्याच्या गोदामापाशी त्यांनी ती लावली ती थेट फाटकात, आणि तीही तिरपी.

व्यापारी गल्ल्यामागे बसला होता. फोन कानाला, नजर भलतीकडे. बाईंनी काय हवं ते सांगितलं.

"किरकोळ देत नाही आम्ही."

"मग नमुने द्या. चव बघून सांगते."

"नमुने दुकानदारांना देतो. आणि बाई, खरं सांगू? चहात एवढं काही नसतं. पाणी चांगलं उकळलं की सगळे चहा सारखेच."

"मग एवढ्या गोण्या वेगवेगळ्या का ठेवल्यात?"

व्यापाऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. बाई समोरच्या बाकावर बसल्या. ताईही बसल्या. थोड्या वेळाने बाहेर भोंगा वाजू लागला. माल भरलेला ट्रक आला होता आणि फाटकात शिकाऊ गाडी आडवी होती.

"गाडी काढा ती!" व्यापारी उठलाच.

"काढली असती," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण या नवशिक्या आहेत. मागे घ्यायचं अजून शिकवलेलं नाही. आज फक्त पुढे जायचा धडा आहे."

"मग तुम्ही काढा!"

"मी शिकवते. चालवणारा गाडीत असताना आम्ही स्टिअरिंगला हात लावत नाही."

"चालवणारा इथे बाकावर बसलाय!"

"थकल्या आहेत त्या," बाई म्हणाल्या, आणि ताईंनी लगेच पदराने वारा घेतला. इतकी वर्षं एका घरात राहून त्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच इतकं एकमत झालं असेल.

ट्रकवाल्याने भोंग्यावरून हात काढला नाही. व्यापाऱ्याने हात टेकले. गोण्यांची तोंडं उघडली गेली, कागदावर चिमूट चिमूट चहा आला, आतल्या माणसाने पाणी उकळलं. बाईंनी घोट घोट घेतला. काही थुंकले, काही गिळले. शेवटी तीन चहा बाजूला काढले. एक डोंगरातला, पातळ पण मागे गोडी ठेवणारा. एक जाडाभरडा, कडक, स्वस्तातला. आणि एक धुरावर सुकवलेला. हा तिसरा कोपऱ्यात पडून होता, त्याला गिऱ्हाईकच नव्हतं.

"हे तिन्ही एकत्र?" व्यापारी हसला. "असं कोणी करत नाही."

"करत होते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आले."

त्यानंतर स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. धुराचा चहा जरा जास्त पडला की घरभर काहीतरी जळल्याचा वास सुटे. कमी पडला की नुसताच काढा. ताई चमच्याने मापं घालत आणि मापावरून वाद घालत. मीटरसाहेबांना चव बघायला बसवलं होतं. ते प्रत्येक कप मन लावून पीत आणि सांगत, "गरम आहे."

"चव सांगा ना."

"चवीलाही गरम आहे."

पण जमेना. कडूपणा यायचा, धूरही यायचा. जिभेच्या मुळाशी येणारी ती गोडी मात्र कधीच येत नव्हती. एका सकाळी बाईंनी नुकतंच जमवलेलं मिश्रण नापास केलं. पण किटलीभर चहा ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून तो थर्मासमध्ये भरला आणि त्या कामाला निघाल्या.

मैदानात एक नवा शिकाऊ प्लास्टिकच्या पिंपांमधून गाडी वळवायला शिकत होता. पहिली शिकवणी लांबली होती, घसा सुकला होता. बाईंनी झाकणात चहा ओतला आणि गाडी हळू चाललेली असतानाच घोट घेतला. कडू. मग धूर. मग काहीच नाही. आणि मग, अगदी विसरायला झालं तेव्हा...

"बाई, ब्रेक!" शिकाऊ ओरडला.

ब्रेकबाईंचा पाय आयुष्यात पहिल्यांदा ब्रेकवर पडला नाही. धाडकन पिंप उडालं आणि गडगडत कुंपणापर्यंत गेलं. शिकाऊ पांढराफटक पडला होता. बाई झाकण हातात धरून समोर बघत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे हे."

"काय बरोबर आहे बाई? मी पिंप उडवलं!"

"ते चूक आहे. हे बरोबर आहे."

इतकी वर्षं त्यांनी तो चहा ताजा कधी प्यायलाच नव्हता. रोज प्यायल्या तो थर्मासमध्ये तासन्‌तास मुरलेला. आणि परीक्षा घेत होत्या ती ओट्यावरच्या वाफाळत्या कपाची! आपल्याच या मूर्खपणावर त्या भर मैदानात मोठ्याने हसल्या, आणि शिकाऊने दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली.

घरी हे सांगितल्याबरोबर ताई खुर्चीत ताठ झाल्या. "म्हणजे कमाल थर्मासची! मग कुठलाही चहा चालला असता. उगाच त्या कंपनीला शिव्या घातल्यास."

"चालला असता?" बाई म्हणाल्या. "बघू."

दोन दिवसांनी सुट्टी होती. बाईंनी शेजारून आणखी एक थर्मास मागून आणला. एकात कंपनीचं हसऱ्या मुलीचं पाकीट, एकात आपलं मिश्रण. सकाळी भरून ठेवले ते जेवणं झाल्यावर उघडले. आधी पाकिटातला. ताईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "झाकणाचा वास येतोय नुसता." मग दुसरा. ताईंनी कप रिकामा केला. मीटरसाहेबांनी घोट घेतला, कपात बघितलं, आणखी एक घेतला.

"हा गरम नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, स्वतःलाच नवल वाटल्यासारखे, "पण प्यावासा वाटतोय."

"मग काय," ताई म्हणाल्या, "सापडला एकदाचा तुझा लाल डबा."

"नाही. हा तो नव्हे. धूर जास्त रेंगाळतो याचा. आणि गोडी उशिरा येते."

"म्हणजे पुन्हा पुड्यांची रांग?" मीटरसाहेब घाबरले.

"नाही. आता हाच पिणार."

"म्हणजे शेवटी चालवूनच घेतलंस की!" ताईंनी टोला हाणला.

"ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं ताई. हा मी केलाय," बाई म्हणाल्या, आणि उरलेला चहा तिघांच्या कपांत सारखा वाटला.

ताई गाडीच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, कारण त्यांनी परीक्षकाला सिग्नल कसा द्यावा हे समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा पास झाल्या आणि त्याच दिवशी गाडी घेऊन मुलाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भोंगा वाजवला, मुलगा गॅलरीत आल्यावर हात हलवला, आणि वर न जाता परत आल्या.

दुकानदाराला चहाचा सुगावा लागला तो मीटरसाहेबांमुळे. चार लोकांत ते बोलून गेले होते. लाल डब्याची आठवण काढणारी आणखी गिऱ्हाइकं होती त्याच्याकडे. तो बाईंच्या मागे लागला, मिश्रण सांगा, मी विकतो. बाईंनी मोकळ्या मनाने सांगितलं. लपवायचं काय त्यात? पण त्याने पुड्यांवर 'तोच लाल डब्याचा चहा' असं लिहिलेलं दिसल्यावर त्या दुकानात गेल्या आणि पेन मागून स्वतःच्या हाताने ते खोडलं.

"अहो बाई, असं लिहिलं तर खपेल!"

"हा तो चहा नाही. माणसाला भलत्याच नावाने काही पाजायचं नाही. घ्यायचा तर हा म्हणून घेतील."

"मग लिहू काय?"

"काळा चहा लिहा. मुरवून प्या असं लिहा. बास."

तो तसाच खपला. फार नाही, बेताचाच. पण फळीवरची त्याची जागा कधी गेली नाही.

एकदा बाई तिथे साबण घ्यायला उभ्या होत्या. रांगेत पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पुडी हुंगली, दुकानदाराकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, "प्यायलोय मी हा. लाल डब्याची सर नाही याला."

दुकानदाराने बाईंकडे चोरून पाहिलं.

"नाहीच आहे," बाई मागून म्हणाल्या. गृहस्थ वळले. "त्याची सर याला नाही. तुम्ही याहून बरा जमवा आणि घेऊन या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये या, मी कुठे आहे ते कोणीही सांगेल. मी पिऊन तोंडावर सांगेन, बरा की वाईट."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. रागावावं की हसावं हे त्याचं ठरत नव्हतं. मग त्याने हातातली पुडी पुन्हा एकदा हुंगली.

"धूर कमी करायला हवा," तो म्हणाला.

"करून बघितलाय. नुसता काढा होतो."

"माझ्या हातून काढा नाही होणार."

"मग बघू की," ब्रेकबाई म्हणाल्या, आणि साबणासाठी पुढे सरकल्या.